उजव्या हाताचा चंद्र

धम्मदीनानं कॅमेऱ्यासमोर उजवा हात धरला, अंगठा खाली आणि बोटं वर अशी गोलाई केली आणि हसत म्हणाली, "हे पाहा ताई, चंद्राची कोर या हातात बसली की चंद्र वाढतोय. डाव्या हातात बसली की घटतोय. इतकं सोपं. नकाशा नको, चित्र नको. दोन हात तर प्रत्येक पोराला असतातच ना." आणि हॅमिल्टनमधल्या आपल्या स्वयंपाकघरात, फळांच्या टोपलीला टेकवून ठेवलेल्या लॅपटॉपसमोर बसलेली सुचित्रा चटकन सरळ झाली. चूक होती. बारीकसारीक नाही, ढळढळीत चूक. नागपुरात हे खरं, पुण्यात खरं, विषुववृत्ताच्या वर सगळीकडे खरं. इथे न्यूझीलंडमध्ये बरोबर उलट. इथे वाढता चंद्र डाव्या हातात बसतो. सुचित्राला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तिनं सांगायला तोंड उघडलंसुद्धा. आणि उघडलेल्या तोंडातून जे बाहेर आलं, ते पुढे कितीतरी दिवस तिचं तिलाच ऐकू येत राहिलं. "वा! छानच आहे गं. काही म्हणजे काही बदलू नकोस."

असं आपण का बोललो, हे तिनं त्या संध्याकाळी स्वतःला विचारलं नाही. पोळ्या करायच्या राहिल्या होत्या, त्या तिनं केल्या. एक पोळी करपली तेव्हा ती तव्यावर चिडली. विचारलं असतं तर उत्तर सापडलं असतं, आणि उत्तर नको म्हणूनच माणूस पोळ्या करायला उठतो. हा कोर्स शाळा-कॉलेजाबाहेर आकाश शिकवणाऱ्या माणसांसाठी होता. कुणी लायब्ररीत मुलांना गोष्टी सांगणारं, कुणी शनिवारी म्युझियममध्ये उभं राहणारं, कुणी स्काउटची मुलं रानात नेणारं. दर मंगळवारी संध्याकाळी ही मंडळी दोन्ही बेटांवरून आपापल्या चौकोनात येऊन बसत आणि नायरी नावाची माओरी बाई "किया ओरा" म्हणून त्यांना आकाश दाखवायला शिकवी. आकाश नव्हे, आकाश दाखवायला. हा फरक ती पुन्हापुन्हा सांगे. नायरी बोलायला मऊ होती, पण तिचा एक नियम कडक होता. लोकांसमोर जे बोलायचं ते आधी जोडीदारासमोर बोलायचं. जोडीदारानं चुका काढायच्या. त्यानं एकदा हो म्हटलं की ते बोलणं दोघांचं, एकट्याचं नाही. आणि पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं होतं की पुढच्या वर्षी आपल्याबरोबर शिकवायला ती यांच्यातल्याच एकाला घेणार आहे. ते ऐकलं आणि सुचित्राला वाटलं, हे माझं आहे. वाटलं कसलं, कळलंच तिला, जसं आपल्या नावाचा पुकारा झाला की कळतं.

कारण दुसरं तिचं काय होतं? पुण्यात ती फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाली होती, तिथल्या आकाशमंडळात ती एकटी बाई होती, आणि एकटी बाई असल्यामुळे दुर्बीण पुरुष लावायचे आणि चहा कुठवर आला ते सुचित्रानं बघायचं. मग लग्न झालं, प्रमोदच्या नोकरीमागे ती इकडे आली, आणि गेली कित्येक वर्षं ती एका डेअरी कंपनीच्या लॅबमध्ये दुधाच्या पावडरीचे नमुने तपासत होती. शनिवारी म्युझियममध्ये फुकट उभी राहायची. तिथेही सगळे तिला 'लव्हली सुचित्रा' म्हणायचे, आणि वर्षअखेरच्या पार्टीची यादी निघाली की तिच्या नावापुढे न विचारता समोसे लिहिलेले असायचे. दुर्बीण ग्रॅड-स्टुडंट मुलगा लावायचा. त्याला एकदा तिनं शनीची कडी या वर्षी कशी दिसतील ते सांगायला सुरुवात केली, तर तो "ऑसम, ऑसम" म्हणत केबल गुंडाळत राहिला. घरी प्रमोद तिला तारामती म्हणायचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ते लाडानं होतं. लाड केव्हाच वाळून गेला, नाव तेवढं राहिलं. आणि स्वानंदी, सतराची झालेली त्यांची मुलगी, तिला आकाशातलं काही आवडत नव्हतं. ती मराठीत विचारलेल्या प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं द्यायची, कानात इअरबड घालून घरभर फिरायची, आणि आईच्या खोलीत टांगलेल्या दक्षिण आकाशाच्या नकाशाला 'दॅट थिंग' म्हणायची. अशा घरात, अशा गावात, सुचित्राला एक गोष्ट आपली म्हणून येत होती, आणि तीही येते हे कुणाला ठाऊक नव्हतं.

मग ही धम्मदीना. नाव वाचलं तेव्हाच सुचित्राच्या डोक्यात एक छोटा खटका दाबला गेला होता. आपण तसलं काही मानत नाही, असं तिनं लगेच स्वतःला सांगितलं, आणि इतकं लगेच सांगावं लागलं यातच काय ते आलं. मुलगी तिशीची असेल. ऑकलंडमध्ये माउंट रॉस्किलला भाड्यानं राहत होती, सॉफ्टवेअर टेस्टर होती, येऊन वर्षदीड वर्षच झालं होतं. दर रविवारी बुद्धवंदनेनंतर हॉलमध्ये जमलेल्या पोरांना ती विज्ञानाच्या गमती दाखवायची, तेवढ्याच शिदोरीवर ती कोर्सला आली होती. इंग्रजी अडखळत. 'व्ही'ला 'डब्ल्यू' म्हणणारी. सुचित्राला पहिल्या दहा मिनिटांत तिची दया आली, आणि दया आली की सुचित्राला बरं वाटायचं. पण मग नायरीनं प्रत्येकाला विचारलं, की आकाशाची तुमची पहिली आठवण कोणती. सुचित्रानं मातारिकी या इथल्या तारकापुंजातल्या नऊ ताऱ्यांची नावं माओरीत म्हणून दाखवली, बिनचूक. नायरीनं "थँक यू, सुचित्रा, दॅट्स लव्हली" म्हटलं आणि पुढे गेली. धम्मदीना म्हणाली की तिची आई लहानपणी पहाटे वस्तीतल्या नळावर नंबर लावायला उठायची. घरात घड्याळ नव्हतं. पावसाळा सरला की कृत्तिकांचा झुबका डोक्यावर आला म्हणजे पाणी येतं, हा हिशोब आजीनं शिकवलेला. "अँड दॅट इज युअर मातारिकी, ओन्ली," ती म्हणाली, "सेम स्टार्स. माय मदर वॉज स्टँडिंग अंडर देम विथ बकेट." नायरीनं चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "हे शिकवता येत नाही. हे असावं लागतं." सुचित्रानं मान डोलावली, सगळ्यांबरोबर टाळ्यांचं चित्रही पाठवलं. बादली, तिच्या मनात आलं. बादली घेऊन जिंकली.

आणि त्याच दिवशी नायरीनं हौसेनं दोघींची जोडी लावली. तुम्हाला तुमच्या भाषेत बोलता येईल, म्हणाली. धम्मदीनाला आनंद झाला. "ताई, मी तुमच्यापाशी शिकूनच घेते आता सगळं," ती पहिल्याच फोनवर म्हणाली, "इथं मला मराठीत रागवणारं कोणी नव्हतं." सुचित्रा खोटं खोटं रागावली, खरं खरं शिकवलंही. मृग इथे खाली डोकं वर पाय असा दिसतो ते सांगितलं, त्रिशंकूवरून दक्षिण कशी काढायची ते सांगितलं. चंद्राचं तेवढं निघालं नाही. म्हणजे तसं तिनं ठरवून लपवलं नव्हतं, हे तिचं तिला नीट आठवत होतं आणि त्याचा तिला आधार वाटायचा. उजवा हात वर आला तोवर ती सज्जन होती. त्यानंतरच्या एका श्वासात काय ते झालं.

मला तरी कोणी सांगितलं होतं? हा प्रश्न तिनं त्या आठवड्यात लॅबमध्ये, गाडीत, आंघोळीच्या वेळी इतक्या वेळा विचारला की तो जपासारखा झाला. इथली पहिली थंडी तिला आठवायची. हॅमिल्टनच्या भाड्याच्या घराच्या मागच्या दारात ती उभी होती, धुकं अजून उतरलं नव्हतं, आणि पश्चिमेला द्वितीयेची कोर लागली होती, आणि ती कोर उलटी होती. दुसऱ्याच बाजूला पोट असलेली. तिला गरगरलं. डोळ्यांना काहीतरी झालं असं वाटून तिनं एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. पुण्यात ज्या चंद्राला आई संध्याकाळी हात जोडायची तो हा नव्हता, हा कुणीतरी पाठमोरा करून ठेवलेला होता. ती आत गेली आणि प्रमोदला म्हणाली, "चंद्र उलटा दिसतोय हो." प्रमोद टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाला, "चंद्र तोच आहे. तूच उलटी उभी आहेस." विनोद चांगला होता, त्यानं तो पुढे कितीतरी लोकांना, जेवायला बोलावलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला ऐकवला, आणि सुचित्रा भात वाढता वाढता दर वेळी हसली. त्यानंतर ती एकटीच शिकली. पुस्तकं आणून, अंगणात थंडीत कुडकुडत, आतून दिवा घालवून. सगळं आकाश तिनं हातांनी उचलून उलटं करून पुन्हा जागेवर लावलं, आणि त्या कष्टाचं कौतुक करायला एक माणूस फिरकला नाही. मग या मुलीला का आयतं मिळावं? पडू दे एकदा. पडल्यावर शिकतंच की माणूस. मी नाही शिकले? दुसऱ्याला ठेच लागावी असं वाटायला लागलं की आपल्या जुन्या ठेचा फार उपयोगी पडतात.

तरी शुक्रवारी तिनं फोन हातात घेऊन लिहिलं होतं, 'अगं धम्मदीना, तो हाताचा प्रकार एकदा तपासून घे, इथे उलट आहे.' अंगठा बटणावर होता. तेवढ्यात धम्मदीनाचाच फोन आला, व्हिडिओवर, स्लाइड दाखवायला. तिनं स्क्रीन दाखवली तेव्हा तिच्या आकाशाच्या अ‍ॅपच्या कोपऱ्यात गावाचं नाव दिसलं: नागपूर. येऊन वर्षदीड वर्ष झालं आणि ही बाई अजून नागपूरचं आकाश बघत बसली होती. सुचित्रानं सहज विचारल्यासारखं विचारलं. धम्मदीना ओशाळली. "हो ना ताई. आईसोबत रोज बोलणं होते न, ती पहाटे गच्चीवर बसली असते. मग मी म्हणते, आई, तो पाहा, त्या झाडाच्या वर गुरू आहे. तिला वाटते मी बाजूलाच बसून राहिली. म्हणून बदलवलंच नाही." सुचित्रा कोपऱ्यातल्या त्या नावाकडे बघत राहिली. मनात आली ती माया होती की मत्सर, हे तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. आपल्या आईशी ती स्वतः काय बोलायची, तर गुडघे कसे आहेत आणि पार्सल मिळालं का. "राहू दे," ती म्हणाली, "छान आहे तुझं." फोन ठेवला आणि लिहिलेलं पुसलं. एका दमात नाही, एकेक अक्षर मागे घेत, म्हणजे मध्येच थांबायला वाव राहील. ती थांबली नाही.

शनिवारी धम्मदीनाचा कार्यक्रम ऑकलंडच्या दक्षिणेला, पुकेकोहे गावात होता. कोर्समधल्या प्रत्येकानं खऱ्या लोकांसमोर एकदा बोलायचं, आणि ते फोनवरून बाकीच्यांनी आपापल्या घरी बघायचं, अशी पद्धत होती. धम्मदीनाच्या ओळखीचं कुणी पुकेकोहेच्या भारतीय मंडळींच्या हॉलमध्ये होतं, म्हणून जागा मिळाली. तिथली माणसं आपल्यासारखी परवा आलेली नाहीत. पणजोबांनी तिथल्या लाल मातीत कांदे-बटाटे लावले, आता पणतू रग्बी खेळतात. सुचित्रा हॅमिल्टनहून गाडी चालवत गेली. जोडीदार म्हणून जाणं भागच होतं, असं तिनं घरी सांगितलं. खरं म्हणजे ती बघायला गेली होती. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. तिच्या मनात लख्ख होतं सगळं, आणि तरी मोटरवेवर ती गुणगुणत होती. हॉलमध्ये सतरंजीवर मुलं, मागे खुर्च्यांवर आयाबाया, आजोबा, आणि पुढे जांभळ्या कुर्त्यात धम्मदीना. ती सुरेख बोलली. तिचं इंग्रजी मुलांना कळतच नव्हतं असं नाही, उलट त्यातल्या चुकांमुळे मुलं जास्त कान देऊन ऐकत होती. मग तिनं हातांची युक्ती सांगितली. उजवा म्हणजे वाढणारा. पोरांनी उजवे हात वर केले. "आता बाहेर जाऊ," ती म्हणाली, "खरा चंद्र बघू. परवाच अमावस्या झाली, म्हणजे हा वाढणारा आहे. म्हणजे कोणत्या हातात बसेल?" "राइट!" सगळा हॉल ओरडला.

सूर्य नुकताच गेला होता. कार पार्किंगच्या पलीकडे शेतांवरून गार वारा येत होता आणि वायव्येला कोर होती, स्वच्छ, धारदार, जराही ढग नाही. देवानं निदान ढग तरी पाठवायचे, असं सुचित्राच्या मनात आलं, आणि आपल्याला ढग हवे आहेत की नको, हे तिला कळेना. पंचवीस-तीस मुलं एक डोळा मिटून उजवा हात लांब करून उभी राहिली. हात चंद्राला लावून पाहू लागली. मग पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, "इट डझन्ट फिट, मिस." दुसरं कुणी म्हणालं, "माइन आयदर." मग सगळीकडून सुरू झालं. कुणी हात उलटा केला, कुणी मान वाकडी केली, एका मुलानं तर कमरेत वाकून पायांमधून बघितलं आणि सगळे खो खो हसले. "राइट हॅन्ड, राइट हॅन्ड," धम्मदीना म्हणत होती. तिनं आपला हात वर धरला होता, आणि तिच्या हाताच्या पोकळीत चंद्र नव्हता. तो हाताच्या पाठीला पाठ लावून बसला होता. तिचा चेहरा हळूहळू विझत गेला. ती आधी चंद्राकडे पाहत होती, मग हाताकडे, मग पुन्हा चंद्राकडे, जणू या दोघांपैकी एकजण मस्करी करत होता. मागून कुणीतरी आई हळू म्हणाली, "शी इज न्यू, शी डझन्ट नो." आणि या सगळ्या गोंधळात सुचित्राचा डावा हात वर गेला होता. तिनं तो उचलला नव्हता. चंद्र दिसला की तिचा हात जातो, कित्येक वर्षांची सवय, तसा तो गेला आणि कोर त्यात अलगद बसली. खाली घेईपर्यंत उशीर झाला. सगळे चंद्राकडे बघत होते. धम्मदीना तिच्याकडे बघत होती. मदतीसाठी वळली असेल ती. तिनं डावा हात पाहिला, हातातला चंद्र पाहिला, सुचित्राचं तोंड पाहिलं. मग ती मुलांकडे वळली आणि म्हणाली, "सॉरी. आय मेड मिस्टेक." आवाज चिरकला तिचा. फोनमधून बाकीचे सगळे हे बघत होते.

निघताना धम्मदीना गाडीपर्यंत आली आणि "जपून जा, ताई" म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सुचित्राला वाटलं होतं की आपल्याला मजा येईल, निदान थोडी. मजा आली नाही असंही नाही. त्या मुलीचा चेहरा विझत असताना छातीत एक गोड कळ आली होती आणि त्याच कळेची आता ओकारी येत होती. मोटरवेवर बॉम्बे नावाच्या टेकड्यांच्या उताराला तिनं काच खाली केली, वारा घेतला. घरी प्रमोदनं विचारलं, "काय मग तारामती, कसा झाला तुमचा आकाशदर्शनाचा कार्यक्रम?" तिनं झालं ते सांगितलं, म्हणजे तिच्या वाट्याचं सोडून सांगितलं. प्रमोद हसला. "म्हणजे हात दाखवून अवलक्षण!" तो म्हणाला, आणि हे पुढच्या जेवणावळीला वापरायचं असं त्याच्या डोळ्यांत दिसलं. सुचित्रा भाजी चिरत होती. आपण याच्यासारख्याच आहोत, असं तिला वाटलं, आणि या घरात राहून माणूस दुसरं काय होणार, असंही वाटलं. ते खरं नव्हतं, पण सोयीचं होतं.

मंगळवारी ती वेळेवर बसली. कॅमेऱ्यात चेहरा कसा दिसतो ते दोनदा पाहिलं. धम्मदीना आली, तिचे डोळे सुजलेले होते, केस नीट विंचरलेले होते. नायरीनं थोडा वेळ इकडचं तिकडचं केलं, मग हळूच विषयावर आली. "मला कुणाला लाजवायचं नाही," ती म्हणाली, "पण जोडीत पाहूनसुद्धा हे निसटलं कसं, ते आपल्याला समजून घ्यायला हवं. सुचित्रा, तू पाहिलं होतंस ना?" सुचित्रानं श्वास घेतला. तिच्याजवळ उत्तर तयार होतं, की घाई झाली, त्या भागाकडे नीट लक्ष गेलं नाही, असं काहीतरी गुळमुळीत. पण त्याआधीच धम्मदीनाच्या चौकोनाभोवती पिवळी रेघ उजळली. "ताईंना पण माहीत नव्हतं," ती इंग्रजीत म्हणाली, सावकाश, एकेक शब्द ठेवत. "वी बोथ आर फ्रॉम इंडिया. आमच्या दोघींच्या डोक्यात अजून तिकडचंच आकाश आहे. शी डिड नॉट नो." ती सरळ कॅमेऱ्यात बघत होती. तिनं सुचित्राला वाचवलं होतं, आणि त्याच वाक्यात जिवंत गाडलं होतं. यातलं तिला कोणतं करायचं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता, बहुधा दोन्ही.

"अगं बाई," नायरीचा चेहरा मायेनं भरून आला. "मग चूक तुमची नाहीच. आमची आहे. उत्तरेकडून आलेल्या दोघींना आम्ही एका जोडीत घालायलाच नको होतं. इथल्या कुणाबरोबर तरी ठेवायला हवं होतं." इनव्हरकार्गिलचा म्हातारा स्काउटमास्तर ग्रॅहम म्हणाला, "हॅपन्स टू द बेस्ट ऑफ अस, सुचित्रा. यू विल गेट देअर." पडद्यावर बदामाची चित्रं तरंगायला लागली. यू विल गेट देअर. एकोणीस वर्षं. एकोणीस हिवाळे अंगणात उभं राहून शिकलेलं आकाश, आणि हा माणूस तिला सांगत होता की तूही एक दिवस पोचशील. सुचित्राची कानशिलं तापली. नाही, मला माहीत होतं, हे चार शब्द तिच्या जिभेवर आले. ते उच्चारले की ती जाणकार ठरत होती, आणि जाणकार ठरली की काय ठरत होती हेही सगळ्यांना लगेच कळलं असतं. एकीकडे मूर्ख, एकीकडे दुष्ट; मध्ये उभं राहायला तसूभर जागा नव्हती. नायरी वाट बघत होती. पुढच्या वर्षीचं शिकवणं आता तिला मिळणार नाही, हे सुचित्राला कळून चुकलं होतं. पण मंगळवारची ही माणसं, त्यांच्यात बसायची जागा, 'लव्हली' म्हणून का होईना, ती तरी राहील. राहील तेवढं ठेवावं, तिनं ठरवलं. "हो," ती म्हणाली. घसा खाकरला, पुन्हा म्हणाली, "मला माहीत नव्हतं. आय हॅड नो आयडिया. सॉरी, एव्हरीवन."

"व्हॉट?" मागून आवाज आला. स्वानंदी फ्रिजजवळ उभी होती, हातात टोस्ट, आज कानात इअरबड नव्हते. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. पण ग्रॅहमचं ते वाक्य तिनं ऐकलं होतं. अशी वाक्यं ती लहानपणापासून ऐकत आली होती, शाळेच्या पालकसभेत, डॉक्टरकडे, दुकानाच्या काउंटरवर, आईशी हळू आणि मोठ्यानं बोलणारी माणसं, आणि त्यांच्यापुढे हसून मान हलवणारी आई. दर वेळी तिनं दात आवळले होते आणि आईला ते कधी दिसलं नव्हतं. आता ती टोस्ट ओट्यावर ठेवून सरळ पुढे आली आणि आईच्या खांद्यावरून कॅमेऱ्यात वाकली. "हाय. सॉरी. मी तिची मुलगी," ती तिच्या इथल्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. "ती असं का म्हणतेय मला माहीत नाही. तिला हे माहीत आहे. मी सहा वर्षांची होते तेव्हा रॅगलनच्या बीचवर तिनं मला शिकवलं. इथे डावा हात, इंडियात उजवा. कुठला हात ते कळेना म्हणून मी रडत होते आणि ती मला पुन्हापुन्हा सांगत होती, की दोन्ही बरोबर आहेत, फक्त आपण कुठे उभे आहोत ते विसरायचं नाही." तिचे कान लाल झाले होते. "तिला तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त येतं. तर प्लीज, तिच्याशी असं बोलू नका."

सुचित्राला तो समुद्रकिनारा आठवतच नव्हता. मग आठवला. काळी वाळू, ओले झालेले पोहायचे कपडे, मुलीचे बर्फासारखे गार हात आपल्या हातात. मुलगी ते इतकी वर्षं घेऊन बसली होती. तरंगणारे बदाम वरपर्यंत जाऊन नाहीसे झाले, नवीन आले नाहीत. ग्रॅहमनं खाली पाहिलं. नायरी आधी सुचित्राकडे, मग धम्मदीनाच्या चौकोनाकडे, मग पुन्हा सुचित्राकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरची माया जागच्या जागी गोठत चालली होती. धम्मदीनानं डोळे मिटून घेतले होते.

स्वानंदीनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. जन्मापासून ज्या भाषेत तिला उत्तर देता येत असूनही तिनं कधी दिलं नव्हतं, त्या भाषेत ती म्हणाली, "आई, सांग ना त्यांना."

मग स्वानंदीनं आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि खांद्यावरचा हात हळूच काढून घेतला.